वर निळं आभाळ, खाली लोंढा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेवढा पाऊस पडायला अमेरिकेतल्या फिनिक्स शहराला पाच वर्षं लागतात. तिथे वर्षाकाठी जेमतेम १८० मिलिमीटर पडतो आणि त्यातला मान्सूनचा वाटा साठ-पासष्ट. अशा मुलखात माणसं पुरात बुडतात, हे पहिल्यांदा ऐकताना खरंच वाटत नाही. पण ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटाच्या उंचावरच्या वाळवंटात हे पुन्हापुन्हा घडतं. बुडणाऱ्यांपैकी कित्येकांच्या अंगावर तर पावसाचा थेंबही पडलेला नसतो.

पाऊस एकीकडे आणि पूर भलतीकडे, अशी या मुलखाची रीत आहे. तिथला बेडूक, तिथला निवडुंग, तिथला शेतकरी आणि तिथला गिर्यारोहक, सगळे आपापल्या परीने लांबच्या ढगांवर नजर ठेवून जगतात.

हो, मान्सूनच!

मान्सून ही फक्त आपली मिरासदारी नाही. मेक्सिकोच्या पश्चिम अंगाला सिएरा माद्रे ही डोंगररांग किनाऱ्याला समांतर उभी आहे, थेट सह्याद्रीच्या थाटात. जूनअखेर वारे फिरतात. कॅलिफोर्नियाच्या आखातातली आणि पॅसिफिकवरची दमट हवा उत्तरेला सरकायला लागते आणि जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ॲरिझोना-न्यू मेक्सिकोत दाखल होते. मेक्सिकोच्या त्या डोंगरांत वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडतो.

मान्सून आला हे ठरवायचं कसं, यावर पूर्वी तिथे मोठा काथ्याकूट चालायचा. फिनिक्समध्ये दवबिंदू सलग तीन दिवस ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ अंश सेल्सिअसच्या वर राहिला की मान्सून लागला, असा नियम होता. २००८ पासून हवामान खात्याने सरळ तारखाच ठरवून टाकल्या: १५ जून ते ३० सप्टेंबर. लोकांनी आकडेमोड सोडून तयारीला लागावं, हा त्यामागचा हेतू, आणि मला तो पूर्ण पटतो. टूसॉन आणि सोनोरा भागात मात्र संत जॉनचा दिवस, म्हणजे २४ जून, हाच पावसाचा मुहूर्त मानण्याची जुनी प्रथा आहे. आपल्याकडे मृगाकडे डोळे लागतात, तिथे या दिवसाकडे.

डोंगर पुसून पाहिले तेव्हा

जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरचा वारा आत येतो, हे आपण शाळेत शिकलो. २०२१ मध्ये 'नेचर' नियतकालिकात विल्यम बूस आणि साल्वातोरे पास्काले यांचा निबंध आला. त्यांनी संगणकातल्या हवामानाच्या प्रतिकृतीत मेक्सिकोचे डोंगर सपाट करून पाहिले, तर तिथला बहुतेक मान्सूनच नाहीसा झाला. हे डोंगर उंचावरच्या जोरदार पश्चिमी वाऱ्याला दक्षिणेकडे वळवतात आणि ऊबदार दमट हवा उतारावरून वर ढकलतात, म्हणून तिथे पाऊस पडतो, असं त्यांचं म्हणणं.

याच बूस यांनी २०१० मध्ये झिमिंग क्वांग यांच्यासह आपल्या मान्सूनवरही असाच प्रयोग केला होता. तिबेटचं पठार काढून टाकलं आणि नुसती हिमालयाची भिंत ठेवली, तरी भारतातला पाऊस जवळजवळ तसाच राहिला. उत्तरेची थंड, कोरडी हवा अडवणं हेच हिमालयाचं मोठं काम, असा त्याचा अर्थ निघतो. दोन खंड, दोन पर्वत आणि पाऊस पाडण्याच्या दोन निराळ्या तऱ्हा!

तीन महिन्यांचा वळीव

आषाढातली झड, दिवसच्या दिवस सूर्य न दिसणं, भिंतींना ओल, असलं काही तिथे नसतं. तिथला मान्सून स्वभावाने आपला वळीव आहे. सकाळी आभाळ लख्ख. दहा-अकराला डोंगरमाथ्यावर पांढरे ढग डोकं काढतात. दुपारी बारा-एकपर्यंत ते वर चढत काळे होतात, दोन-तीनला कडकडाट करत कोसळतात आणि तासाभरात मोकळे होतात. रस्त्याच्या या बाजूचं घर चिंब, समोरचं कोरडं ठाक. कधी ढगाखाली पावसाच्या राखाडी झालरी लोंबताना दिसतात, पण जमिनीवर काहीच पोचत नाही. हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच आटून जातात.

डोंगर उंच म्हणून ढग आधी तिथे. फ्लॅगस्टाफ हे गाव सुमारे २१०० मीटरवर आहे आणि त्याच्या डोक्यावरचं हम्फ्रीज शिखर ३८५१ मीटरवर. दुपारी तिथे पाऊस पडतो. त्या पावसातून सुटलेला गार वारा खाली वाळवंटात उतरतो, वाटेत नवे ढग उठवतो आणि संध्याकाळी फिनिक्सच्या दारात येतो. म्हणून तिथल्या डोंगरवेड्यांचा साधा नियम आहे: दुपारच्या आत शिखरावरून खाली. पहाटे निघा, माथ्यावर रेंगाळू नका. झाडांच्या वर, उघड्या खडकावर आपणच सगळ्यांत उंच असलो की वीज आपल्यालाच शोधते.

घळीतलं आकाश

पेज गावाजवळची अँटेलोप कॅन्यन तुम्ही पाहिली नसेल, तरी तिचा फोटो नक्की पाहिला असेल. केशरी, जांभळ्या वालुकाश्माच्या लाटा आणि वरून उतरणारा उन्हाचा झोत. ही घळ पाण्यानेच कोरली आहे. काही ठिकाणी दोन्ही खांदे भिंतींना लागतात आणि वर पाहिलं तर आभाळाची चिंचोळी फीत दिसते. आभाळ किती दिसतं यावरच तिथे जीव अवलंबून आहे, आणि ते जवळजवळ दिसतच नाही.

१२ ऑगस्ट १९९७ ला खालच्या अँटेलोप घळीत पर्यटकांचा गट उतरला होता. फ्रान्स, अमेरिका, ब्रिटन, स्वीडन अशा देशांतली माणसं. घळीपाशी पाऊस असा फारसा नव्हताच. कित्येक मैल वर, उगमाकडे मात्र वादळी सर कोसळून गेली होती. ते पाणी कोरड्या ओढ्यांतून गोळा होत घळीच्या तोंडाशी आलं आणि आत शिरलं. घळ अरुंद, त्यामुळे पाण्याला पसरायला जागाच नाही. ते फक्त वर चढतं. अकरा पर्यटक गेले. त्यांच्याबरोबरचा वाटाड्या तेवढा वाचला. तेव्हा आत उतरायला लाकडी शिड्या होत्या. त्याही वाहून गेल्या.

आज तिथे खडकात बोल्ट मारून बसवलेल्या पक्क्या शिड्या आहेत, वरून खाली सोडता येतील अशी जाळी आहेत, तिकीटघरात हवामान खात्याचा रेडिओ आहे आणि धोक्याचा भोंगा आहे. स्थानिक नवाहो जमातीच्या वाटाड्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. तो म्हणाला 'आज नाही', तर वर ऊन असलं तरी निमूट मागे फिरायचं. पैसे भरलेत म्हणून हुज्जत घालायची नाही.

अशा घळींत शिरल्यावर मान वर करून एक गोष्ट शोधावी. डोक्याच्या बरंच वर, दोन भिंतींच्या मध्ये, आडवा अडकलेला ओंडका दिसतो. त्याच्या फांद्यांना वाळकी पानं, गवताच्या गुंडाळ्या, चिखलाची पुटं. तो तिथे कुणी ठेवलेला नाही. मागच्या पुराचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं, त्याची ती खूण आहे.

आपल्याकडे भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांधण दरी आहे, तशीच उभ्या कड्यांच्या कुशीत चिरलेली. पावसाळ्यात सांधणला जाणारी वाट ट्रेकर सोडून देतात, कारण ती तेव्हा पाण्याची असते. ज्याने सांधण पाहिली आहे त्याला अँटेलोपची भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच की सांधणवर पावसाळ्यात ढग डोक्यावरच असतात. तिथे ते क्षितिजापलीकडे असतात.

जमीन पाणी पीत का नाही?

वाळवंट तहानलेलं असतं, मग पाणी मुरायला हवं, हा आपला सरळ तर्क. प्रत्यक्षात कोलोरॅडो पठाराचा मोठा भाग म्हणजे उघडा, गुळगुळीत खडक. खालच्या वाळवंटात मातीखाली चुन्याचा घट्ट थर असतो. झाडोरा विरळ, त्यामुळे पाण्याची धाव अडवणारं गवत नाही, पालापाचोळा नाही. त्यात सर पडते ती मुसळधार. पडलेलं पाणी सरळ उताराला लागतं.

१४ सप्टेंबर २०१५ ला युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीचा प्रवाह पंधरा मिनिटांत सेकंदाला ५५ घनफुटांवरून २,६३० घनफुटांवर गेला. चहा करून पिऊन होईस्तोवर नदीचं पाणी जवळजवळ अठ्ठेचाळीस पट! कीहोल नावाच्या अरुंद घळीत उतरलेले सात जण त्यात गेले. त्याच दिवशी जवळच्या हिल्डेल गावात दोन गाड्यांमधली बायकामुलं लोंढ्यात सापडली आणि तिथे तेरा जणांचा बळी गेला.

लोंढा येतो तो कसा, हे तिथले वनरक्षक फार नेटकं सांगतात. आधी पाण्याचा रंग बदलतो, निवळशंख पाणी गढूळ होतं. मग काड्या, पाइनच्या सुया, फेस तरंगत येतो. पातळी बोट-दोन बोटं वाढते. वरच्या अंगाने घरघर ऐकू येते. यातलं एकही लक्षण दिसलं की सामान उचलत बसायचं नाही, थेट उंच जागा गाठायची. खाली, प्रवाहाच्या दिशेने पळणं ही सगळ्यांत मोठी चूक, कारण लोंढा माणसापेक्षा जोरात धावतो. आणि तंबू? कोरड्या ओढ्याची सपाट, मऊ वाळू झोपायला कितीही छान वाटली, तरी ती पाण्याची जागा आहे.

आधी आग, मग पूर

डोंगरातल्या पुराची सगळ्यांत भयंकर जात म्हणजे जळालेल्या रानावरचा पूर. मे-जूनच्या कोरड्या दिवसांत पाइनची जंगलं पेटतात. आगीच्या उष्णतेने झाडातली तेलं आणि राळ जमिनीत उतरून थिजतात आणि मातीखाली मेणचट थर तयार होतो. त्यातून पाणी मुरत नाही. झाडं गेली, पाला गेला, उरली राख. तिथल्या हवामान खात्याचा ढोबळ हिशेब असा की जळक्या रानावर तासाभरात अर्धा इंच पाऊस झाला तरी पूर येऊ शकतो. अर्धा इंच म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर. कोकणात एवढ्या पावसाला कुणी छत्रीही शोधत नाही.

न्यू मेक्सिकोतलं रुइडोसो हे गाव पाइनच्या डोंगरात वसलेलं थंड हवेचं ठिकाण. जून २०२४ मध्ये साउथ फोर्क आणि सॉल्ट या दोन वणव्यांनी त्याची वाताहत केली. ८ जुलै २०२५ ला दुपारी त्या जळक्या उतारांवर सर कोसळली आणि गावातली नदी तासाभराच्या आत दीड फुटावरून वीस फुटांवर गेली. एक अख्खं घर प्रवाहात वाहत जाताना लोकांनी पाहिलं. तिघांचा जीव गेला, त्यात दोन मुलं होती.

फ्लॅगस्टाफमध्ये २०१९ च्या म्युझियम वणव्याचं देणं दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये फेडावं लागलं. शहरातल्या रस्त्यावरून एक मोटार काळ्या पाण्यात गटांगळ्या खात चालली होती. तो व्हिडिओ जगभर फिरला. आग विझली म्हणजे संकट टळलं, असं तिथे होत नाही. पुढची काही वर्षं तिथली माणसं ढग दिसला की वाळूच्या पोत्यांकडे धावतात.

आणि एलिसन क्रीक. १५ जुलै २०१७, ॲरिझोनातल्या पेसन गावाजवळ. वाढदिवसासाठी जमलेलं एक कुटुंब ओढ्याच्या डोहात पोहत होतं. वरच्या अंगाला, काही मैलांवर, महिन्याभरापूर्वी जळालेल्या रानावर पाऊस झाला. राख, ओंडके आणि चिखल घेऊन पाणी उतरलं आणि एकाच घरातली दहा माणसं गेली. हे वाचताना मला लोणावळ्याची आठवण होते. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. तिथे वणवा नव्हता, वाळवंट नव्हतं. पण आपण उभे असतो त्या जागेचं पाणी वरच्या रानात ठरतं, हे दोन्हीकडे सारखंच.

सहा इंच पुरे

वाहतं पाणी सहा इंच असलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलतो. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते. दोन फूट पाणी जीपसारख्या दणकट गाड्याही वाहून नेतं. त्यातून खाली रस्ता शाबूत आहे की खचलाय, हे गढूळ पाण्यात दिसत नाही.

ॲरिझोनात १९९५ पासून एक कायदा आहे. रस्ता पाण्यामुळे बंद असल्याचे अडसर लावलेले असताना कुणी गाडी घातली आणि अडकला, तर सुटकेचा खर्च, दोन हजार डॉलरपर्यंत, त्याच्याकडून वसूल करता येतो. लोकांनी त्याला 'स्टुपिड मोटरिस्ट लॉ' असं नाव ठेवलं आणि तेच रूढ झालं. पुलावरून पाणी जात असताना एसटी किंवा दुचाकी घालण्याचा मोह आपल्याकडेही दर पावसाळ्यात होतो. इथेही असा कायदा यावा, असं मला मनापासून वाटतं.

अल्बुकर्कीत शहरातले ओढे काँक्रीटचे करून टाकले आहेत. वर्षभर ते कोरडे, सायकल आणि स्केटबोर्ड खेळायला आयते. म्हणून तिथल्या मुलांना 'ओढे जीवघेणे आहेत, लांब राहा' हे अगदी लहानपणापासून सांगत राहतात.

वारा, धूळ आणि वीज

पावसाच्या पुढे धावणारा वारा हाही या वादळांचाच भाग. ५ जुलै २०११ ला फिनिक्सवर धुळीची भिंत चालून आली, सुमारे दीड किलोमीटर उंच आणि जवळपास शंभर मैल लांब. काही मिनिटांत दिवसाची रात्र झाली. अशा वेळी गाडी रस्त्याच्या पार कडेला घ्यायची, सगळे दिवे बंद करायचे, ब्रेकवरचा पायही काढायचा. दिवे चालू ठेवले तर मागचा त्यांच्या रोखाने येतो आणि आदळतो. आपल्या सवयीच्या अगदी उलट, म्हणून मुद्दाम सांगितलं.

याच वाऱ्याने २०१३ मध्ये घात केला. २८ जूनला ॲरिझोनातल्या यार्नेलजवळ वीज पडून वणवा लागला. दोन दिवसांनी दूरच्या गडगडाटी ढगातून सुटलेल्या वाऱ्याने आगीची दिशाच फिरवली आणि ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या अग्निशमन पथकातले एकोणीस जवान त्यात गेले. ढग पाऊस द्यायला आला नाही, नुसता वारा देऊन गेला.

विजेचा अभ्यास करायला मात्र या डोंगरांसारखी जागा नाही, कारण ढग रोज ठरल्या वेळी ठरल्या शिखरावर हजर. न्यू मेक्सिकोत मॅग्डालेना डोंगरावर ३,२०० मीटरवर लँगम्यूर प्रयोगशाळा १९६३ पासून आहे. तिथले शास्त्रज्ञ ढगात रॉकेट सोडतात. त्याच्या शेपटाला बारीक तार बांधलेली असते. तार वर पोचली की वीज तिच्यावरून सरळ खाली, मोजमाप करणाऱ्या यंत्रांच्या शेजारी उतरते. विजेला बोलावून घ्यायचं आणि तिची नोंद करायची, असं हे काम.

गडगडाट ऐकून उठणारी मंडळी

आता या गोष्टीतला माझा सगळ्यांत लाडका प्राणी. सोनोरन वाळवंटातला 'स्पेडफूट' बेडूक. मागच्या पायाला काळी, टणक, फावड्यासारखी कड. तिने तो उलट्या पावली माती उकरत खाली जातो आणि वर्षातले आठ-दहा महिने तिथेच पडून राहतो. वर पाऊस पडला की तो उठतो, पण ओल लागल्यामुळे नाही. पावसाच्या माऱ्याची आणि गडगडाटाची थरथर जमिनीतून त्याच्यापर्यंत पोचते आणि तिच्यावर तो जागा होतो. त्याच रात्री डबक्यात नरांचं ओरडणं सुरू. आवाज असा की अंधारात कुणाची मेंढरं चुकली आहेत असं वाटावं. पहाटेपर्यंत मीलन उरकतं, अंडी चोवीस तासांच्या आत फुटतात आणि डबकं आटायच्या आत, आठवडाभरातच, शेपूट गळालेलं पिल्लू पाण्याबाहेर पडतं. पावसात उडालेल्या वाळव्या पोटभर खाऊन मोठे पुन्हा मातीत जातात.

त्याहून जुनी मंडळी जुलै २०२१ मध्ये फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला वुपाटकी इथे भेटली. तिथे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष आहेत आणि दगडी गोल मैदान आहे. मोठ्या पावसानंतर त्या मैदानात तळं साचलं आणि काही दिवसांनी पर्यटक सांगायला लागले की पाण्यात बेडकाची पिल्लं आहेत. नीट पाहिल्यावर निघाले ट्रायॉप्स: तीन डोळ्यांचे, ढालीसारख्या पाठीचे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले शेकडो जीव. डायनोसॉरच्याही आधीपासून त्यांचं घराणं चालत आलंय. त्यांची अंडी वर्षानुवर्षं, अगदी काही दशकंही, कोरड्या मातीत तग धरतात आणि पुरेसं पाणी मिळालं की फुटतात.

साग्वारो हा तिथला चाळीस-चाळीस फूट उंच निवडुंग. त्याच्या खोडाला उभ्या चुण्या असतात, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या. पाऊस झाला की मुळं पाणी ओढतात, निऱ्या सुटत जातात आणि खोड फुगतं. मोठं झाड साडेसातशे लिटरपर्यंत पाणी साठवू शकतं. त्याची फळं बरोबर जूनच्या शेवटी पिकतात, म्हणजे बी पडायला आणि पाऊस यायला एकच गाठ.

आणि वास! तिथे पहिल्या सरीला मातीच्या आधी क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास येतो. त्याच्या पानांवर राळेचा लेप असतो. हवा दमट झाली की तो उग्र, धुरकट, औषधी वास दूरवर पसरतो. वाळवंटात वाढलेल्या माणसाला पाऊस म्हटलं की तोच आठवतो.

पुरावर पिकणारी शेतं

सोनोरन वाळवंटातल्या तोहोनो ओओधम लोकांचं नवं वर्ष या पावसापाशी सुरू होतं. जूनमध्ये लांब काठ्यांनी साग्वारोची फळं पाडायची, रस आटवायचा, त्याचं मद्य आंबवायचं आणि सगळ्यांनी मिळून गाणी म्हणत पावसाला बोलवायचं. त्यांची शेती तर फार देखणी. कोरडा ओढा डोंगरातून उतरून सपाटीवर पसरतो, नेमक्या त्या तोंडाशी शेत धरायचं. काट्याकुट्यांचे लहान बांध घालून लोंढ्याचा जोर मोडायचा, पाणी आणि गाळ शेतात पसरू द्यायचा आणि त्या ओलीवर टेपरी घेवडा, मका, भोपळा काढायचा. दोन-तीन पुरांवर पीक हाती येतं. ज्या लोंढ्यापासून बाकी जग पळतं, त्याच्या वाटेत यांनी पेरणी केली. लोंढा किती उंच येतो, कुठे वळतो, कुठे दम टाकतो, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्याशिवाय असं शेत धरता येत नाही.

होपी लोक मक्याचं बी हातभर खोल, ओल लागेपर्यंत खणून पेरतात, पाटाचं पाणी न देता. त्यांचे पाऊस आणणारे कात्सिना हे आत्मे गावांत राहून जुलैच्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्को शिखरांकडे परत जातात, अशी त्यांची श्रद्धा. फ्लॅगस्टाफवरची हीच ती शिखरं, जिथे दुपारचा पहिला ढग उभा राहतो. नवाहो लोक पाऊसही दोन तऱ्हेचा मानतात: विजेसकट आदळणारा नर पाऊस आणि हळुवार भिजवणारा मादी पाऊस.

लेहची ती रात्र

हे सगळं दूर अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या देशातही उंचावरचं वाळवंट आहे. लेह ३५०० मीटरवर, वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास. घरं मातीच्या विटांची, छतं सपाट, कारण पाऊस पडतोच कुठे? ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री डोंगरउतारांवर ढग फुटला आणि लेह, चोगलमसर आणि आसपासच्या गावांवर दगडमातीचा लोट आला. दोनशेहून अधिक माणसं गेली. रुग्णालय, बसस्थानक, टेलिफोन केंद्र, सगळं चिखलात. आणि लेहच्या वेधशाळेत मोजलेला पाऊस? जेमतेम तेरा मिलिमीटर. मोठी सर मापकापासून दूर, वर, उगमाकडे कोसळली होती.

नंतरच्या अभ्यासात दिसलं की ही वादळं दुपारच्या उन्हाने तिबेटच्या पठारावर तयार झाली आणि पश्चिमेला सरकत लडाखवर आली. वाटेत त्यांना खालून मान्सूनची दमट हवा मिळाली. म्हणजे तिथेही पाऊस शेजारच्या आभाळात शिजला.

मराठी पर्यटकांचा लडाखचा हंगाम जुलै-ऑगस्ट. मुलांकडे अमेरिकेला गेलेले आई-बाबा ग्रँड कॅन्यन, झायन, अँटेलोप करतात तेही बहुधा याच दिवसांत. तेव्हा जाताना एवढं करावं: आपण असू तिथला नव्हे, तर ओढा जिथून येतो तिथला अंदाज पाहावा. झायनमध्ये रोज पुराच्या शक्यतेची पातळी जाहीर होते, ती वाचूनच घळीत उतरावं. घळीत फोनला रेंज नसते, त्यामुळे आत गेल्यावर इशारा मिळेल या भरवशावर राहू नये. गडगडाट ऐकू आला की घरात किंवा गाडीत शिरावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावं. ओढ्याकाठी गाडी लावू नये, मुक्काम तर नाहीच.

लहरी पाहुणा

अमेरिकेतल्या या मान्सूनचा भरवसा धरावा तर पंचाईत. २०२० मध्ये टूसॉनला पूर्ण मोसमात दीड इंचाच्या थोडा वर पाऊस झाला. लगेच २०२१ मध्ये पावणेतेरा इंच! २०२३ मध्ये फिनिक्सला अख्ख्या मान्सूनमध्ये ०.१५ इंच, म्हणजे चार मिलिमीटरही नाही, आणि त्याच उन्हाळ्यात सलग एकतीस दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पार. आणि एवढा धिंगाणा घालूनही हा पाऊस धरणं फारशी भरत नाही. लेक पॉवेल आणि लेक मीडचं बहुतेक पाणी रॉकी पर्वतातल्या वितळलेल्या बर्फाचं. कोयना-जायकवाडीचे आकडे रोज पेपरात वाचणाऱ्या आपल्याला हे विचित्र वाटेल, पण तिथे मान्सूनची खरी कमाई म्हणजे गवत, चारा, विझलेले वणवे आणि थोडा गारवा.

धबधबा हलवणारा पूर

ग्रँड कॅन्यनच्या एका बाजूच्या दरीत सुपाई हे हवासुपाई लोकांचं गाव आहे. गाडीरस्ता नाही, आठ मैल चालून जायचं. टपाल अजूनही खेचरांवर येतं. त्या गावाखालचं निळंहिरवं पाणी आणि धबधबे जगप्रसिद्ध. ऑगस्ट २००८ मध्ये वरच्या अंगाला जोरदार पाऊस झाला, एक मातीचा बांध फुटला आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. शंभराहून अधिक लोक हेलिकॉप्टरने निघाले, एका बाईला मात्र वाचवता आलं नाही.

२००८ च्या पुराने आणखी एक काम केलं. ओढ्याचं पात्रच उचलून शेजारी नेलं. प्रसिद्ध नवाहो धबधबा एका रात्रीत कोरडा पडला आणि थोड्या अंतरावर दोन नवे धबधबे कोसळायला लागले. जुनी गाइडबुकं वाचून तो धबधबा पाहायला जाणाऱ्यांना गावकरी आता नव्या धबधब्यांची वाट दाखवतात.